हॅम्बुर्ग–व्हिएन्ना, मार्गे सापगाव

मी घर सोडलं त्या पहाटे वडिलांनी मला तिकीट फाडून दिलं.

वडील, म्हणजे नाना, एसटीत कंडक्टर. त्यांची कायमची ड्यूटी शहापूर-मुरबाड. पण त्या दिवशी त्यांनी एका सहकाऱ्याशी अदलाबदल करून आमच्या गावी, टोकावड्याला, मुक्कामाला असलेली गाडी घेतली होती. ती पहाटे सुटून कल्याणला जायची. पुढच्या दरवाजापासून तिकिटं करत करत ते माझ्या सीटपाशी आले तेव्हा मुरबाड जवळ आलं होतं.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

"कल्याण."

"एकच?"

"एकच."

पंच वाजला. तिकीट हातात देताना म्हणाले, "सांभाळून ठेवा. पुढं चेकर चढतो." आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं त्यांनी मला अहो-जाहो केलं. मग ते मागच्या सीटवरच्या भाजीवाल्या बाईकडे वळले आणि तिच्या दोन पाट्यांवरून नेहमीचा वाद सुरू झाला.

साल १९९८, महिना नोव्हेंबर. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका जर्मन कंपनीची शेड होती. तिथे मी मापन-यंत्रं दुरुस्त करायचो. कंपनीला हॅम्बुर्गमध्ये माणूस हवा होता आणि आमच्यात जर्मन शिकायला तयार झालेला मी एकटाच निघालो. यात कर्तृत्व फारसं नव्हतं. पण आदल्या दिवशी शाळेच्या पटांगणात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार आणि तालुक्याचे एक पुढारी. ते पाऊण तास बोलले. 'आपला हा सुपुत्र अमेरिकेत गावाचं नाव उज्ज्वल करील' असं ते तीनदा म्हणाले. तिसऱ्या वेळी कुणीतरी 'साहेब, जर्मनी' असं पुटपुटलं. त्यावर साहेबांनी 'जर्मनी काय, अमेरिका काय, मातीशी इमान महत्त्वाचं' असा समारोप केला. टाळ्या पडल्या. नाना मागच्या रांगेत उभे होते. घरी येताना एवढंच बोलले, "या माणसाला मुरबाड कुठं ते ठाऊक असंल का रे? गाडीत बसलेला कधी बघितला नाय."

अंतर हा नानांचा विषय होता. एसटीत अंतर टप्प्यांत मोजतात, सहा किलोमीटरचा एक टप्पा. त्यांना कुठल्याही गावाचं नाव सांगा, ते मनातल्या मनात टप्पे मोजून वेळ सांगायचे आणि ती वेळ बरोबर निघायची. शहापूर-मुरबाड त्यांच्या हिशेबात दीड तास. या दीड तासात शहापूरहून निघाल्यावर लगेच सापगाव येतं. तिथे माझी आत्या दिली होती. गाडी थांबायची तेव्हा आत्या थांब्यावर उभी असायची. कधी तिच्या हातात अळूवड्यांचा डबा असायचा, कधी नुसतीच ती. नाना दारातून वाकून म्हणायचे, "बरं हाय ना गो?" ती म्हणायची, "बरं हाय. तू?" मग घंटी. पंचवीस वर्षं, ड्यूटीच्या प्रत्येक दिवशी, भावाबहिणीची ही भेट झाली. मिनिटभराची. एवढ्यात काय होतं असं मला तेव्हा वाटायचं.

वर्षातून एक दिवस मात्र ते सापगावला उतरायचे. आमच्या घरची एक रीत होती. आमच्याच घरची, गावात इतरांकडे ती पाहिली नाही. नव्या भाताचा पहिला तांदूळ घरच्या लेकीनं शिजवायचा, ती जिथे असेल तिथे. भावानं तो नेऊन द्यायचा आणि तिच्या हातचा घास खायचा. तोवर घरात नवा तांदूळ शिजत नाही. कापणी-झोडणी झाली की नाना सुट्टी काढून दोन किलो तांदूळ घेऊन आत्याकडे जायचे, जेवून यायचे आणि मग आमच्या चुलीवर नवा भात चढायचा. आई लवकर गेली. तेव्हापासून चूलही नानाच पेटवत. पण रीत चुकली नाही.

माझी मोठी बहीण, ताई, नर्स होऊन १९९४ मध्ये व्हिएन्नाला गेली. लग्न तिने केलं नाही. "नाइट ड्यूटी आणि नवरा, दोनी नाय झेपत," असं तिचं म्हणणं. मी हॅम्बुर्गला जायचं ठरलं तेव्हा नानांनी ताईच्या शाळेतला ॲटलास काढला आणि युरोपचं पान उघडलं. त्यांनी दोन्ही शहरं शोधली, पान असं दुमडलं की हॅम्बुर्ग व्हिएन्नावर येईल, आणि तिकिटाचा पंच घेऊन एकदाच टिचकी मारली. पान उलगडलं. दोन शहरं, दोन गोल भोकं. त्यांच्यामध्ये नानांची दोन बोटं मावत होती.

"विमानाला टाइम किती?" त्यांनी विचारलं.

कंपनीच्या माणसानं मला सांगितलं होतं. साडेसातशे किलोमीटर, दीड तास.

नानांचे ओठ हलत होते. "सव्वाशे टप्पे," म्हणाले. "दीड तासात सव्वाशे टप्पे! डायवर कोन हाय रे?" मग पान मिटताना, "म्हंजे शहापूर-मुरबाडच की. बरं झालं. आता लेक तिथं, भाऊ तिथं. आता तुमची पाळी."

माझ्या सामानात त्यांनी तांदळाची पिशवी ठेवली. जुन्या खाकी युनिफॉर्मची एक बाही कापून, खाली शिवून, वर सुतळीनं बांधलेली.

नानांची चूक काय होती ते मला नंतर कळलं. दीड तास म्हणजे दीड तास, एवढंच ते समजत होते.

पहिल्या वर्षी मी गेलो. डिसेंबरात, बर्फात, तांदळाची बाही हातातल्या बॅगेत घेऊन. विमानात एक सँडविच दिलं. ते संपवून कागदाचं काय करावं या विचारात होतो, तेवढ्यात खाली व्हिएन्ना आलं. ताई विमानतळावर उभी होती, आत्यासारखीच, हात पुढे बांधून. म्हणाली, "काय रे, गाडी टाइमवर आली." तिच्या एका खोलीत तिने भात केला. चिकट, मऊ, गोळा होणारा, वाफेला गवताचा वास. आम्ही तो नुसत्या मिठाशी खाल्ला. मग गावच्या नाक्यावरच्या फोन-बूथवर ठरल्या वेळी फोन लावला. नाना पलीकडे वाट पाहत उभे होते. ताईनं सांगितलं, "जेवला हो नाना, माझ्या हातचं जेवला." पलीकडून आवाज आला, "बरं. आता मी चूल पेटवतो." त्या दिवशी मला वाटलं की जग खरंच लहान आहे. असं वाटण्याचा तो माझा एकमेव दिवस.

तुमच्यापैकी जे गावीच राहिलात त्यांना हे पटणार नाही आणि जे माझ्यासारखे निघून आलात त्यांना सांगायची गरज नाही, की त्यानंतर मी व्हिएन्नाला पुन्हा गेलो नाही. भांडण झालं नाही. झालं असतं तर समजुतीसाठी तरी गेलो असतो. पुढच्या डिसेंबरात माझी भाषेची परीक्षा होती. त्याच्या पुढच्या वर्षी शिफ्ट. मग लग्न, मग बायकोचा व्हिसा, मग मुलीचे कान दुखणं. शिवाय दीड तास हा विमानाचा. घरापासून विमानतळ, तिथे दोन तास आधी, बूट काढा, पट्टा काढा, पलीकडे पुन्हा रेल्वे. दारापासून दारापर्यंत सहा तास होतात. हे सहा तास मी ताईला फोनवर समजावून सांगितले. ताईनंही तिच्या ड्यूट्या समजावून सांगितल्या. दोघांनाही दोघांचं पटलं. लांबच्या माणसाकडे जायचं तर माणूस वर्षभर आधी ठरवतो. जवळच्याकडे कधीही जाता येतं, म्हणून जाणं होत नाही.

तांदूळ मात्र येत राहिला. मुरबाडच्या शेडमधून दर डिसेंबरला एक इंजिनियर प्रशिक्षणासाठी हॅम्बुर्गला यायचा. नाना त्याला शेडच्या गेटवर गाठून खाकी बाही हातात द्यायचे. एकदा एक डोंबिवलीकर कुरकुरत म्हणाला, "अहो, तुमचे वडील मला पावती मागत होते."

आणि नाना बूथवर वाट पाहायचे. मी फोन केला की विचारायचे, "गेलतास का ताईकडं?"

पहिल्यांदा खोटं बोललो ते १९९९ मध्ये. "गेलो होतो नाना. जेवलो." ताईला आधी फोन करून ठरवून घेतलं होतं, की कुठल्या रविवारी मी तिच्याकडे होतो, किती वाजता निघालो, बर्फ होता की नव्हता. हे दर वर्षी करायला लागायचं. या खोट्याच्या तयारीसाठी आम्ही इतकं नियमित बोलत होतो की भेटल्यासारखंच वाटायचं. ताई कधी मध्येच थांबून म्हणायची, "आपण हे काय करतोय रे?" मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी नक्की." ती हसायची. "तुझं पुढचं वर्ष म्हंजे त्या पुढाऱ्याची अमेरिका."

तांदळाच्या बाह्या तळघरातल्या फळीवर साठत गेल्या. ताईशिवाय तो शिजवायची छाती झाली नाही, टाकायचीही झाली नाही. घरी आम्ही तुर्की दुकानातला पाकिटातला बासमती खायचो. एका वर्षी तांदळात पोरकिडे झाले तेव्हा बायकोनं जुन्या तीन पिशव्या जैविक कचऱ्याच्या तपकिरी डब्यात रिकाम्या केल्या. वर्गीकरण अगदी नियमानुसार होतं. रिकाम्या बाह्या मी ठेवून घेतल्या.

२००३ च्या डिसेंबरात फोनवर नानांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी नेहमीचं उत्तर दिलं. पण खोटं बोलणाऱ्याला कधीतरी आपलं खोटं सजवायची हुक्की येते. मी पुढे म्हणालो, "आणि नाना, भात काय मस्त झाला होता यंदा. अगदी मोकळा."

पलीकडे कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजला.

"मोकळा झाला?" नाना म्हणाले.

"एकदम. दाणा न् दाणा सुटा."

"बरं," ते म्हणाले. "बरं झालं."

मी फोन ठेवला तेव्हा माझ्या मनात समाधान होतं. हे सांगायला लाज वाटते, पण होतं.

२००५ च्या मे महिन्यात मी गावी गेलो. एकटाच, दोन आठवडे. ताईची रजा जुलैत होती. आमच्या रजा कधीच जुळल्या नाहीत. नाना निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. ते वाळले होते, पण सकाळी नाक्यावर जाऊन गाड्यांच्या वेळा पाहणं चालू होतं. "मुरबाड सात मिनिटं लेट," असं घरात येऊन मला सांगायचे, जणू माझी गाडी चुकणार होती. जेवताना भात जाडा लागला, वासही वेगळा. मी विचारलं, "नाना, हा आपला नाय वाटत?"

"रेशनचा हाय. दात गेले, मला हाच बरा लागतो."

"आणि आपला?"

"हाय की," ते म्हणाले आणि ताटाकडे बघत जेवत राहिले.

त्या वर्षीही डिसेंबरात बाही आली. नानांनी विचारलं, "गेलतास का?" मी म्हणालो, "गेलो होतो." ते म्हणाले, "बरं." आता तो 'बरं' आठवतो तेव्हा वाटतं, की ते मला एक संधी देत होते. दर वर्षी एक.

नाना २००६ च्या फेब्रुवारीत गेले. झोपेत, कुणाला त्रास न देता. सकाळी नाक्यावर आले नाहीत, म्हणून बूथवाला पाहायला आला. शेजाऱ्यांनी दोघांना फोन केले. ताई व्हिएन्नाहून निघाली आणि मी हॅम्बुर्गहून. दोघांचीही मुंबईची विमानं फ्रँकफर्टहून होती, म्हणून सव्वासात वर्षांनी आम्ही भेटलो ते फ्रँकफर्टच्या एका गेटवर, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. तिचे केस पांढरे झाले होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाप मरावा लागला होय रे." आम्ही पोचलो तेव्हा अग्नी देऊन झाला होता. शेजाऱ्यांनी वाट पाहिली, मग चुलतभावानं दिला.

तेराव्याला तेच पुढारी आले. 'दोन खंडांत पसरलेल्या कुटुंबाचा आधारवड' असं ते नानांविषयी म्हणाले. नानांना ते ओळखत नव्हते हे नक्की. पण आता चूक दाखवायला मागच्या रांगेत कुणी नव्हतं.

मांडव उतरल्यावर सापगावची आत्या राहिली होती. ती आता पंचाहत्तरीची. तिने आम्हा दोघांना आतल्या खोलीत नेलं. तिथे भाताच्या तीन कणग्या उभ्या होत्या. बांबूच्या, शेणानं सारवलेल्या. तिन्हींची तोंडं लिंपलेली, अजून तशीच बंद. प्रत्येकीवर खडूनं साल लिहिलेलं, कंडक्टरच्या तिरक्या अक्षरात. २००३. २००४. २००५.

"हात नाय लावला त्याने," आत्या म्हणाली. "मी म्हनलं, आण माझ्याकडं, मी शिजवते, रीत मोडत नाय. तर म्हनला, आता पोरांची पाळी हाय. ती जेवली की मी जेवीन."

ताई म्हणाली, "पण आम्ही सांगितलं होतं ना आते, जेवलो म्हणून."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. लहान मुलाला साधी गोष्ट येत नसली की पाहतात तसं.

"मोकळा झाला म्हनलास ना तू? नवा तांदूळ कुटं मोकळा होतो रे? खळ होते त्याची. सगळ्या मुलखाला ठाऊक हाय." मग म्हणाली, "घरी येऊन मला म्हनला, पोरगा खोटं बोलला त्याचं काय नाय गो. नव्या भाताची चव इसरला."

ताई उठली आणि तिने २००३ च्या कणगीचं तोंड हातानं फोडलं. भात गिरणीत नेला, तांदूळ करून आणला, नानांची चूल पेटवली आणि टोपात आधण ठेवलं. आम्ही तिघं जमिनीवर बसलो. तिनं माझ्या ताटात पहिला घास वाढला.

तो मोकळा झाला होता. सव्वादोन वर्षं जुना तांदूळ मोकळाच होतो. दाणा न् दाणा सुटा.

मी खाल्ला. फोन करायला कुणी नव्हतं.

परतायच्या आदल्या दिवशी ताईला ॲटलास सापडला. युरोपचं पान घडीवर झिजून गेलं होतं. ते किती वेळा दुमडून पाहिलं असेल कोण जाणे. तिने ते उचललं आणि ते घडीवरच फाटून दोन झालं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "असू दे," ती म्हणाली. "तू तुझं घे, मी माझं घेते." बाकीची शेती चुलतभाऊ करतो. वाटणी म्हणावी अशी आमच्यात तेवढीच झाली.

आता घर कुठे असं कुणी विचारलं की मी हॅम्बुर्गचा पत्ता सांगतो. तो खरा आहे, पोस्टमनला पटतो. टोकावड्याला गेलो तर बूथ बंद झालेला, नाक्यावर ढाबे वाढलेले, आणि मुरबाडची गाडी किती लेट आहे हे सांगणारं कुणी नाही. व्हिएन्नात ताई आहे. विमान अजून रोज सुटतं आणि अजून दीडच तास घेतं. पण तांदूळ आता येत नाही. चुलतभावाला रीत ठाऊक नाही आणि मीही त्याला सांगितलेली नाही. सांगितली तर तो पाठवील, आणि मग मला जावं लागेल, किंवा गेलो म्हणून सांगावं लागेल. दोन्हींतलं मी काय करीन हे मला माहीत आहे.

घर म्हणजे माझ्यापुरतं, दीड तासाला दीड तासच समजणारा एक माणूस होता. माझ्या टेबलाच्या खणात नकाशाचा अर्धा तुकडा आहे, एका भोकाचा. त्याच्यासोबत कल्याणचं तिकीट. पुढं चेकर चढतो म्हणाले होते, म्हणून सांभाळून ठेवलंय. अजून कुणी चढलेलं नाही.